मिस्टरांच्या ब्रदरच्या मिसेस

मालेगाव रस्त्यावरच्या एका लॉन्सवर परवा साखरपुड्याला गेलो होतो. वरण-बट्टीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाई ओळखीच्या निघाल्या. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात षष्ठी विभक्ती शिकलेल्या. शेजारणीकडे हात करून म्हणाल्या, "सर, ह्या माझ्या मिस्टरांच्या ब्रदरच्या मिसेस."

मी हात जोडले, ताट धरलं, बट्टी कुस्करली, वर तूप सोडलं आणि मग हिशेबाला बसलो. मिस्टरांचे ब्रदर म्हणजे दीर. दिराची मिसेस म्हणजे जाऊ. दोन अक्षरं! एवढ्या छोट्या बाईपर्यंत पोहोचायला केवढा वळसा.

"जाऊबाई म्हणा की," मी परत येऊन म्हणालो.

"इश्श सर, किती गावठी वाटतं ते!" बाई म्हणाल्या. शेजारणीनेही मान डोलावली. दोघी जावांचं एकमत झालेलं त्या लॉन्सने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मग कान तिकडेच लागले. एका गृहस्थांनी मला 'मिसेसच्या सिस्टरचे मिस्टर' भेटवले. म्हणजे साडू. साडू या शब्दात एकाच सासऱ्याने गंडवलेल्या दोन माणसांची ओळख आहे; साडू भेटला की न बोलता एकमेकांचं दुःख कळतं. 'मिसेसच्या सिस्टरचे मिस्टर' म्हटल्यावर ते दुःख जातं आणि नुसता पत्ता उरतो: गल्लीतून बोळात, बोळातून तिसरं घर, जिना चढून वर. पलीकडे कोणी 'मिस्टरांच्या सिस्टर' नावाच्या बाई रुसून बसल्या होत्या. नणंदेने रुसणं हा आपला जुना रिवाज. पण सिस्टरला रुसायचा अधिकार आहे की नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे समजूत काढायला कोणी गेलंच नाही.

इंग्रजाची गोष्ट वेगळी. त्याचा नाइलाज आहे. त्याच्याकडे शब्दच नाहीत, म्हणून तो 'माझ्या बायकोच्या भावाची बायको' असं दोरीला दोरी बांधत विहिरीत उतरतो. व्याह्याला तर त्याच्याकडे दोरीशिवाय काहीच नाही: माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील. आमच्या बागलाणात 'याही' म्हटलं की टोपी-टॉवेल, नारळ, माईकवरून नावाचा पुकारा आणि पुकाऱ्यात नाव मागे पडलं म्हणून तीन वर्षांचा अबोला, एवढं सगळं दोन अक्षरांत येतं. ज्या समाजाला या नात्यासाठी शब्द लागला नाही, त्याने लग्नं उरकली कशी असतील, देव जाणे.

पण इंग्रजही जन्मतः दरिद्री नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काका निराळा, मामा निराळा, आत्या निराळी, मावशी निराळी, चौघांना चार शब्द होते. १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्यामागून फ्रेंच शब्द आले आणि घरचे चारही शब्द हळूहळू गेले. आता गंमत बघा. 'अंकल' हा फ्रेंचातून आलेला शब्द मूळच्या लॅटिन 'अवुन्कुलुस'चा नातू, आणि त्याचा अर्थ फक्त आईचा भाऊ. म्हणजे मामा. 'आंट' निघाली 'अमिता'पासून, म्हणजे बापाची बहीण. म्हणजे आत्या. सोसायटीतली पोरं ज्यांना जोडीनं अंकल-आंटी म्हणतात, ते व्युत्पत्तीने मामा आणि आत्या झाले. मामाशी आत्याचं लग्न लागलं तर त्याला आपण साटंलोटं म्हणतो. पुण्या-नाशकातला एकेक फ्लॅट असा साटंलोट्याने भरलाय. शिवाय आपल्याकडची सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत आली आहे. तेव्हा जपून. अंकल-आंटी म्हणणारी मुलगी व्युत्पत्तीने त्या घरात नांदायलाच आलेली असते.

राहिला 'कझिन'. तो 'कोन्सोब्रिनुस', म्हणजे मूळचा मावसभाऊ. आपण त्याच्यात चुलत, आते, मामे, मावस असे चौघे कोंबले, तरी जागा उरली म्हणून मागे 'ब्रदर' जोडला.

'इन-लॉ' या प्रकाराबद्दलही दोन शब्द. ब्रदर-इन-लॉ म्हणजे कायद्याने भाऊ. त्यात इंग्रज दीर बसवतो, मेहुणा बसवतो, साडूही बसवतो. आमच्या सटाण्यात कायद्याने भाऊ एकच: ज्याच्याशी बांधावरून दावा चालू आहे तो चुलतभाऊ. तो आम्हाला तारखेलाच भेटतो.

हा कायद्याचा विनोद मी रचलेला नाही, ब्रिटिश पार्लमेंटने रचलेला आहे. नवरा-बायको एकच देह, तेव्हा बायकोची बहीण ती आपली बहीण, असा त्यांच्या धर्मपंडितांचा हिशेब. त्यामुळे १८३५ च्या कायद्याने मेलेल्या बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न तिथे रद्दबातल ठरलं. मग ते खुलं करावं की नाही यावर पार्लमेंट इतकी वर्षं भांडलं, की भांडणाऱ्यांतल्या कित्येकांच्या बायका आणि मेहुण्या दोन्ही वारल्या असतील. अखेर १९०७ साली कायदा झाला आणि त्याचं नाव काय? 'मृत पत्नीच्या बहिणीच्या विवाहाचा कायदा'. भावाच्या विधवेसाठी १९२१ मध्ये वेगळा. आपल्याकडे बायकोचं तेरावं होण्याआधीच मेहुणीचा विषय निघायचा; तिला विचारायची पद्धत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

साहेब गेला, पण दोरी ठेवून गेला. आपला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम उघडा. पहिल्या वर्गाच्या वारसांत एक बाई आहे: 'आधी मरण पावलेल्या मुलाच्या आधी मरण पावलेल्या मुलाची विधवा'. वाचता वाचता दोन पिढ्या खपतात. ही बाई म्हणजे आपली नातसून. आणि मामा? लग्नात ज्याने हात धरून आणल्याशिवाय नवरी अंतरपाटापुढे उभी राहत नाही, तो मामा दुसऱ्या वर्गात नवव्या, म्हणजे शेवटच्या नोंदीत, मावशीला घेऊन बसलाय. कायदा लिहिणाऱ्यांना कुणाच्या तरी लग्नात मामाचा रुसवा काढायला पाठवायला हवं होतं.

तरी एक कबूल करतो. षष्ठीच्या दोरीने आपल्याही बायका बांधलेल्याच होत्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तो 'बाळूचे बाबा'. त्यावर उपाय म्हणूनच 'मिस्टर' घरात आला आणि उपऱ्यासारखा येऊन मालक झाला. बाईचं स्वतःचं नाव तर कोणी घेतच नव्हतं. माझी आजी आमच्या गल्लीत अखेरपर्यंत 'तात्याची सून' होती. तात्या जाऊन चाळीस वर्षं झाली तरी. देशातल्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी यादीत नाव सांगितलंच नाही. सांगितलं ते 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढून टाकली. नावं तरी कशी म्हणायची? षष्ठीच होती ती, पुढे नाम नसलेली.

वर्गात मी एक गोष्ट दरवर्षी सांगायचो. इंग्रजी व्याकरण 'माझा', 'तुझा'ला मालकी म्हणतं. आपलं व्याकरण षष्ठीचा अर्थ संबंध असा लावतं. पोरं लिहून घ्यायची आणि परीक्षेत मालकी लिहायची.

देवमामलेदारांच्या यात्रेत मला ते आठवलं. देवमामलेदार म्हणजे यशवंतराव महाराज. ते इथे सटाण्याला मामलेदार असताना, १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून भुकेल्यांना वाटला. खजिना कुणाचा, या षष्ठीचं उत्तर त्यांनी सरकारला न विचारताच लिहिलं. त्या पेपराला सटाणा अजून मार्क देतंय. दर हिवाळ्यात आरम नदीच्या काठी यात्रा भरते आणि घरोघरी पाहुणे.

आमच्याकडे साडूची मुलगी आली होती, पुण्याहून, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. त्याच्या आईने त्याला माझी ओळख 'अंकल' अशी करून दिलेली. पाळण्यांच्या अलीकडे गोडीशेवच्या दुकानापाशी आमच्या गल्लीतल्या आक्का भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी पोराची हनुवटी धरली.

"कोना आंडोर शे रे तू?"

पोराने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, शाळेचं नाव आणि इयत्ताही सांगितली.

"नाव इचारं नही रे मी. कोना शे ते सांग."

पोरगा आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "आजी, हा माझ्या मदरच्या सिस्टरच्या मिस्टरांच्या..." आणि मध्येच अडकली, कारण पुढचा संबंध तिलाच लागेना. आक्कांनी तिला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे बघत बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"हाऊ मास्तर. मास्तरना साडू. साडूनी आंडेर, ती हाई. हाई आंडेरना आंडोर तू." चौथ्या बोटावर त्या थांबल्या. दोरी साखरपुड्यातल्या बाईंच्या दोरीपेक्षा एका गाठीने लांबच होती. "मंग मना नातूच शे ना तू!" आणि कनवटीची दहाची नोट काढून त्याच्या मुठीत कोंबली.

संध्याकाळी पोराने फोनवर बापाला नोट दाखवली. स्क्रीनमधून बापाने विचारलं, कोणी दिली.

"एक ओल्ड लेडी होती, डॅड. शी इज... मॉमच्या डॅडच्या... मिसेसच्या... सिस्टरच्या..."

"अच्छा, अच्छा," बाप म्हणाला, "म्हणजे कोणीतरी कझिन असतील."