सौद्याला नाना पाहिजेत

बैल घ्यायला आधी पैसे लागतात आणि मग नाना लागतात. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत पैसे कमी पडले तर उसनवारी होते, पण नानांना सवड नसेल तर सौदा पुढच्या बाजारावर जातो. असा एक पारखी मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत असतो. त्याला कुणी नेमत नाही आणि काढूही शकत नाही. त्याची फी ठरलेली असते : एक चहा, एक पान आणि जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा.

नानांचं वय विचारलं तर ते साल सांगत नाहीत. "बहात्तरच्या दुष्काळात मी नुकता दोन दाती झालो व्हतो," म्हणतात. माणसांनाही ते हाच हिशेब लावतात. कॉलेजात जाणारी पोरं आदत, लग्नाला आलेली चार दाती, आणि ग्रामपंचायतीला उभे राहणारे सगळे जुळलेले.

बाजारात नानांची एक चाल आहे. जो बैल मनात भरला असेल त्याच्याकडे ते पाहतच नाहीत. शेजारच्या तीन बैलांच्या शेपट्या पिरगाळतात, चौथ्याचे भोवरे मोजतात, आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं करून खऱ्या बैलाच्या तोंडात हात घालतात. मग त्याला मालकाकरवी चालवतात. येताना पाहतात, जाताना पाहतात, वळताना जास्त पाहतात. देवणी असो, लाल कंधारी असो, की कुठलाच नाव नसलेला गावरान असो, शेवटी एकच शब्द निघतो : "बरंय." नानांच्या कोशात यापुढचा शब्द नाही. त्यांनी जेवणाला कधी 'छान' म्हटल्याचं त्यांच्या घरातही कुणाला आठवत नाही.

त्यांच्या स्वतःच्या दावणीला मात्र असा बैल आहे की जो जू दिसलं की बसतो. याचं कारण नाना मोकळेपणानं सांगतात. दुसऱ्याच्या पैशानं डोकं थंड राहतं.

ट्रॅक्टर आले आणि नानांच्या पारखीला गिऱ्हाईक कमी झालं. लोक त्यांना जुनी मोटारसायकल पाहायला नेऊ लागले, म्हशी पाहायला नेऊ लागले. एकदा तर मुलीसाठी स्थळ पाहायला नेलं. तिथं नानांनी मुलाला पाणी आणायच्या निमित्तानं अंगणातून दोनदा चालवलं आणि परतताना जीपमध्ये सांगितलं, "डावा पाय जरा टाकू राह्यला, पण बरंय." लग्न झालं. संसार नीट चालू आहे. डावा पाय खरंच टाकतो.

तर अशा या नानांना छत्रपती संभाजीनगरहून पुतण्याचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल, दोन मुलं, मुलांचा हट्ट : कुत्रं पाहिजे. सूनबाईंच्या अटी चार. लहान असावं, शांत असावं, केस गळू नयेत, भुंकू नये.

"मंग मातीचं घ्या की," नाना म्हणाले.

विकत घ्यायचं आहे हे कळल्यावर ते गप्पच झाले. हसनाबादेत कुत्रं विकत घेत नाहीत. ते येतं, भाकरी खातं, आणि महिनाभरात गल्ली त्याच्या मालकीची होते. पुतण्यानं आकडा सांगितला तेव्हा नानांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "एवढ्यात तं गोऱ्हा येतो भौ. आन् तो मोठा झाल्यावर कामाला तरी येतो." पण नकार दिला नाही. सौदा म्हटल्यावर नानांना घरी बसवत नाही. मीही सोबत गेलो, कारण असा बाजार पुन्हा पाहायला मिळणार नव्हता.

पुतण्यानं मोबाईलवर एकेक जात दाखवायला सुरुवात केली. रंग, केस, कान यांच्यात नानांना रस नव्हता. प्रत्येक फोटोला त्यांचा एकच प्रश्न : "हे पयले काय काम करायचं?"

डॅशहंड आला. लांबडा, आखूड पायांचा. जर्मनीत तो बिळात शिरून बिज्जू बाहेर काढायला तयार केला. "म्हंजे उकरणारा. सूनबाईचं सोफं उकरंल." शिवाय एवढी लांब पाठ नानांना पसंत नव्हती, आणि ती खरोखरच त्या जातीची दुखरी बाजू आहे. मणक्याच्या गाद्या सरकतात, उड्या मारू द्यायच्या नसतात. बीगल आला. सशामागं टोळीनं धावणारा आणि धावताना ओरडून शिकाऱ्याला वाट सांगणारा. "पुढं." जॅक रसेल टेरियर, कोल्ह्याला बिळातून हुसकावणारा. "त्याला घर न्हाई, शेत लागंल." ल्हासा अप्सो आला तेव्हा सूनबाई हरखल्या, बाहुलीच ती. पण तिबेटातल्या मठांत आणि घरांत तो आत बसून राखण करायचा, परकं पाऊल वाजलं की वर्दी द्यायचा. "वॉचमन हाये हा," नाना म्हणाले. "वॉचमन भुंकला नाई तं पगार कशाचा? तुमच्या जिन्यात दिवसभर किती पावलं वाजत्यात?" कुरिअरवाला, दूधवाला, गॅसवाला, समोरच्यांकडचे पाहुणे. पुतण्यानं मनात मोजलं आणि पुढचा फोटो काढला.

इतकी वर्षं शहरातली माणसं 'क्यूट' आणि 'फ्लफी' अशी कुत्री निवडत आली आणि मग ती स्वतःचं काम करू लागली की तक्रार करतात. नानांचा प्रश्न विचारला असता तर निम्मी भांडणं टळली असती.

मग पग आला. यानं कधी काही कामच केलं नाही. चीनच्या राजवाड्यांत मांडीवर बसायचा, बस. २००३ मध्ये हच मोबाईलच्या जाहिरातीत तो एका पोरामागं चालत गेला आणि आपल्याकडे घराघरात शिरला. आता काम नाही म्हणजे शांत, शांत म्हणजे मिळालं, असं सगळ्यांना वाटलं. नानांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "याचं नाक कुठंय?"

नाक आत दाबलेलं असतं, पुतण्या म्हणाला, तीच तर शोभा. बैलाच्या नाकपुड्या मोकळ्या नसतील तर नाना त्याची किंमतही विचारत नाहीत. आणि पगची गोष्ट खरंच तशी आहे. चपट्या तोंडाच्या या जातींना श्वास पुरत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि इथं धापेचीच वाट अरुंद. आपल्याकडचा मे महिना, चाळीसच्या वरचा पारा, तिसरा मजला, वर गच्ची. "एसी हाये का?" नानांनी विचारलं. नव्हता. पग गेला. शिह त्झूचं तोंडही थोडंफार त्याच वळणाचं, तोही त्याच्या मागं गेला.

"पण नाना, लहान तर पाहिजे ना," सूनबाई काकुळतीला आल्या.

"लहान म्हंजे शांत, हे कुणी सांगितलं? दावणीला उड्या कोण मारतं? गोऱ्हा. मोठा बैल रवंथ करत बसतो." हे मात्र मला पटायला वेळ लागला. ग्रेहाउंडसारखं वाऱ्याच्या वेगानं पळणारं मोठं कुत्रं घरात दिवसाचा बराच वेळ झोपून काढतं, आणि मुठीएवढं चिवावा दारावरची बेल वाजली की घर डोक्यावर घेतं.

रविवारी आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. पिंजऱ्यात पिल्लं, भिंतीवर परदेशी कुत्र्यांची चित्रं. "पूर्ण दोन महिन्यांचं आहे, एकदम शांत," त्यानं पिल्लू नानांच्या हातात ठेवलं. ते खरंच निपचित होतं. नानांनी सवयीनं अंगठ्यानं ओठ वर केला. पुढचे सुईसारखे दात होते, मागच्या दाढांचा पत्ता नव्हता. कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात २८, आणि दोन महिन्यांच्या सुमारास ते सगळे आलेले असतात. पुढं चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि त्यांच्या जागी ४२ पक्के येतात. नानांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण गल्लीतल्या कुत्रीची इतकी बाळंतपणं त्यांनी पाहिली होती की आकड्यांची गरज नव्हती.

"महिन्याचं हाये हे. फार तं पाच आठवडे. शांत न्हाई, उपाशी हाये. याची माय कुठंय?"

माय गावाला होती. कुत्र्याची माय गावाला गेलेली मी प्रथमच ऐकली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असं केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत लिहिलेलं आहे, पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. हे मी बोलू लागलो तोवर विक्रेत्यानं भाव निम्म्यावर आणला होता. आणि इथं नानांची जन्माची सवय आडवी आली. भाव पडतोय म्हटल्यावर त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, विक्रेत्याचा हात धरला आणि रुमालाखाली बोटं दाबायला लागले. त्यानं घाबरून मालकाला हाक मारली. सूनबाईंनी नानांना बाहेर आणलं.

"घ्यायचं नव्हतंच," नाना जिन्यात म्हणाले. "पर सौदा अर्धा सोडला का बोटं दुखत्यात."

शेवटी सूनबाईंच्या मैत्रिणीनं एक पत्ता दिला. जखमी, टाकून दिलेली कुत्री घरी आणून बरी करणाऱ्या एक बाई. त्यांच्याकडं तीनेक वर्षांची एक मध्यम चणीची बदामी कुत्री होती. जात काही नाही, म्हणजे आपली गावठी. सूनबाईंचा चेहरा उतरला. नाना मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिनात. शेजारच्या दोन कुत्र्यांचे कान तपासले, तिसऱ्याचे पाय पाहिले. मी ओळखलं.

"जुतून पाहू," ते म्हणाले. नवा बैल चार तास चालवल्याशिवाय नाना पैसे मोजू देत नाहीत. तशी परीक्षा सुरू झाली. त्यांनी मागून स्टीलचं ताट फरशीवर सोडलं. कुत्री दचकली, वळली, ताट हुंगलं आणि परत बसली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बेल तीनदा वाजवली. ती एकदा भुंकली, दार पाहिलं, गप्प. पोरांनी शेपटी धरली, ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, दात दाखवले नाहीत. लिफ्टमध्ये नेली तर ती शांत उभी राहिली. घाबरले ते नाना. मोठ्या कुत्र्याचा हाच फायदा : जो स्वभाव आहे तो समोर असतो. पिल्लाचा स्वभाव विकणारा सांगतो.

"बरंय," नाना म्हणाले.

आणि मग उलटच घडलं. बाईंनी चष्मा लावला, फॉर्म काढला आणि पुतण्याला विचारायला सुरुवात केली. कुत्री दिवसाला किती तास एकटी राहील? सकाळी फिरवणार कोण, नाव सांगा, 'आम्ही सगळे' चालणार नाही. गावाला गेलात तर कुठं ठेवणार? लस, डॉक्टर, खर्च? सोसायटीनं हरकत घेतली तर? पुतण्याला घाम फुटला. नाना पुढं सरकून बसले, त्यांचे डोळे लकाकत होते. आयुष्यभर त्यांनी जनावराचे दात पाहिले, गिऱ्हाइकाचे दात पाहणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं.

पैसे किती, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, काही नाही. यावर मात्र नाना अडून बसले. फुकटचं जनावर दावणीला लाभत नाही. बाई घेईनात, नाना उठेनात. अर्ध्या तासानं सव्वा रुपयावर तुटलं. चार आणे चलनातून गेलेले असल्यानं बाईंनी दोनाची नोट घेतली आणि बाकी पुढच्या भेटीवर राहिली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी लिफ्टची हरकत घेतलीच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पुतण्या तो कागद शोधत होता तोवर नानांनी सेक्रेटरींना अंगणातून दोनदा चालवून पाहिलं होतं. काय दिसलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, सेक्रेटरींना सांगितलं. हरकत मिटली.

केस गळतात. सूनबाईंची ती अट पुरी झाली नाही. बाकी तीन झाल्या म्हणायला हरकत नाही, 'लहान' जरा ओढूनताणून.

फ्लॅटसाठी कुणाला कुत्रं पाहायचं असेल तर नाना बाजाराचा दिवस सोडून केव्हाही येतील. एसटीचं अर्धं तिकीट लागतं, ते तुम्ही द्यायचं, चहा-पान वेगळं. मोबाईलवर फोटो मात्र पाठवू नका, फोटोचे दात त्यांना पाहता येत नाहीत. आणि घरात सकाळी सहाला उठून कुत्रं फिरवणारा माणूस कोण, त्याचं नाव आधी ठरवून ठेवा. हल्ली ते पहिल्यांदा तेच विचारतात.