उजेड जरा मंद करा

हॉलमधला उजेड हवा तेव्हा मंद करता यावा, ही कल्पना मुळात व्याह्यांची, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो. त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. हात धुऊन सोफ्यावर टेकलो, तोच व्याह्यांनी भिंतीवरचा एक गोल खटका हलकेच पिळला आणि आख्ख्या हॉलमधला प्रकाश असा काही अलगद उतरला की माझी बायको चक्क "किती छान!" म्हणाली. हे दोन शब्द माझ्या कुठल्याही कृतीनंतर तिच्या तोंडून आल्याचं मला आठवत नाही. परतीच्या रिक्षात मी जाहीर करून टाकलं, "त्यात काय एवढं? आपल्याकडे जुन्या पंख्याचा रेग्युलेटर पडलाय."

पडला होता खरा. लागेल कधीतरी म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा आमच्याकडे एक बिस्किटांचा डबा आहे, त्यात तो दोन गंजक्या किल्ल्या आणि एका तुटक्या टेस्टरच्या सोबतीने निवांत होता. माझा तर्क सरळ होता : जो पंखा हळू करतो तो दिवाही हळू करील. रविवारी सकाळी मेन बंद करून मी तो हॉलच्या एलईडी बल्बच्या वायरीत बसवला, मेन लावला, आणि घरच्या सर्वांना बोलावून खटका पिळला. काही झालं नाही. आणखी पिळला, तरी बल्ब ढिम्म. मग मी जिद्दीने शेवटपर्यंत पिळला, तेव्हा आमचा हॉल लखलख, अंधार, लखलख, अंधार असा काही पेटू-विझू लागला की समोरच्या इमारतीतल्या आजींनी गॅलरीतून विचारलं, "यंदा गणपती लवकर का हो?"

आता मला ठाऊक आहे की बल्ब बिचारा प्रामाणिक होता. जुना पिवळा बल्ब भोळा; त्याला कमी वीज दिली की तो कमी पेटायचा. एलईडी बल्बच्या पोटात मात्र ड्रायव्हर म्हणून एक छोटं सर्किट असतं. ते आपली २३० व्होल्टची एसी वीज सरळ करून घेतं, मग एका इलेक्ट्रॉनिक खटक्याने सेकंदाला हजारो वेळा तोडतं, ते तुकडे एका कॉइलमधून गुळगुळीत करतं आणि एलईडींना ठरलेला करंट देतं. वाटेत एक बारीकसा रेझिस्टर त्या करंटवर डोळा ठेवून असतो. करंट घटला की खटका जरा जास्त वेळ चालू, वाढला की कमी वेळ. म्हणूनच काही बल्बांच्या खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असं छापलेलं असतं : या मधलं काहीही द्या, उजेड तेवढाच मिळेल. थोडक्यात, बाहेर काही झालं तरी उजेड बदलू द्यायचा नाही, यासाठीच ज्याला नोकरीवर ठेवलंय त्याची वीज कापून मी त्याच्याकडून उजेड बदलण्याची अपेक्षा करत होतो. मी जितकं कापत होतो तितकं तो ओढून भरून काढत होता. त्यात रेग्युलेटरमधल्या ट्रायॅक नावाच्या खटक्याला चालू राहायला किमान काही करंट लागतो. पंखा तो सहज देतो, नऊ वॅटचा बल्ब देत नाही. मग ट्रायॅक मध्येच सोडून देतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. बाकी आजींनी पाहिलंच.

रेग्युलेटर काढून मी वायरी पूर्ववत जोडल्या. निदान माझी तशी समजूत होती. त्या रात्री बायकोने मला हलवून उठवलं. बटण बंद होतं आणि बल्ब अंधारात अगदी पुसटसा, शांतपणे तेवत होता. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाल्यामुळे बटण आता न्यूट्रल तोडत होतं. फेज होल्डरपर्यंत कायम पोचलेली होती आणि वायरींमधून झिरपणाऱ्या चिमूटभर करंटवर ड्रायव्हर जमेल तेवढं काम करत होता. हे धोक्याचं होतं आणि मी ते सकाळी नीट केलं. पण उजेड मंद करण्यात मला निखळ यश आलं ते तेवढंच, आणि तेही दिवा बंद असताना.

नंतर मी तापकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेची वस्तू घ्यायची तर तिथेच जायचं असतं, आणि अडाणी दिसायचं असेल तरीही तिथेच. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काका, करंट किती हवा?" मी म्हणालो, "हॉल दहा बाय सोळाचा आहे." त्याने मान वर न करता पुढचा प्रश्न टाकला, "किती एलईडी सिरीजमध्ये?" मी म्हणालो, "सगळे एकाच घरात आहेत." मग त्याने मला स्टुलावर बसवलं, मागवलेल्या चहातला अर्धा दिला आणि फार समजूतदारपणे सांगितलं की एलईडीला व्होल्टेज मोजून द्यायचं नसतं, करंट मोजून द्यायचा असतो. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा एलईडी आणि वरून पिवळ्या फॉस्फरचा लेप. तो साधारण तीन व्होल्टला पेटतो. पण व्होल्टेज किंचित वाढलं की करंट भरमसाट वाढतो, करंटने तो तापतो, आणि तापला की त्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो. निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं. त्याला आवरून धरणाऱ्या ड्रायव्हरला कुणी शालही देत नाही. मी एक एलईडी पॅनल आणि त्याला चालणारा ड्रायव्हर घेऊन आलो. ड्रायव्हरवर लिहिलं होतं : ३०० मिलिअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट.

माणसाने वस्तू जोडण्याआधी तपासून घ्यावी असं माझे वडील सांगायचे. म्हणून मी पॅनल न जोडता नुसता ड्रायव्हर चालू केला आणि मल्टिमीटर लावला. आकडा ४२ च्याही बराच वर. मला वाटलं, पेट्रोलच्या काट्यासारखं हेही थोडं वाढवून सांगत असेल. मग तसाच चालू ड्रायव्हर पॅनलला जोडला. डोळे दिपावेत असा एक लख्ख क्षण आला. त्यानंतर पॅनल कायमचं मंद झालं.

झालं ते असं. ड्रायव्हरला ३०० मिलिअँपिअर करंट पाहायचा होता. पॅनलच नाही म्हटल्यावर त्याला शून्य दिसत होता. म्हणून तो व्होल्टेज वाढवत वाढवत आपल्या मर्यादेपर्यंत गेला आणि तिथेच वाट पाहत थांबला. बाहेरच्या बाजूचा कपॅसिटर तोवर काठोकाठ भरला. मी वायर टेकवली तेव्हा तो सगळा साठा एका दमात एलईडींमध्ये रिकामा झाला, ड्रायव्हरला करंट जास्त झाल्याची खबर लागण्याआधीच. आधी दिवा जोडायचा आणि मग वीज द्यायची, एवढाच नियम आहे. हल्ली मी तो समोर येईल त्याला सांगतो, विचारलं नसलं तरी.

२०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि पुढे ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर वाटले गेले. एवढ्या घरांत एवढे ड्रायव्हर इमानेइतबारे नोकरी करताहेत. माझ्या हाताखाली आलेले दिवेच तेवढे अकाली जातात.

या टप्प्यावर सुज्ञ माणूस थांबला असता. मी पुतणीला फोन केला. भावाची ही मुलगी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. आहे आणि चाकणला चार्जरच्या कंट्रोलचं काम करते. "काका, तुम्हाला तयार डिमेबल ड्रायव्हर आणून देऊ का?" असं तिने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "नको, मला समजून घ्यायचंय." हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय तेव्हा तेव्हा घरचा खर्च वाढलाय. बायकोने तेव्हाच पर्स आत नेऊन ठेवली.

शनिवारी ती आली, पोहे खाल्ले, आणि कागदावर एक चौकोन काढून म्हणाली की सगळी गंमत खटका किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवायचा यात आहे. निम्मा वेळ चालू ठेवला की व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरमध्ये साधारण निम्मं व्होल्टेज बाहेर येतं. पण खटका एकतर चालू किंवा बंद, अधलंमधलं काही नाही. मग त्याचं गणित कसं मांडायचं? कॅलटेकमधल्या मिडलब्रुक आणि चुक या दोघांनी १९७६ साली त्याची रीत दाखवली : प्रत्येक फेरीतल्या चालू-बंदची सरासरी घ्यायची, म्हणजे तो गुळगुळीत वागतोय असं समजून नेहमीचं कंट्रोलचं शास्त्र लावता येतं. चुक यांच्या नावाचा एक कन्व्हर्टरही आहे. या विषयात चुकच्या नावावर एवढं काही उभं आहे हे ऐकून मला फार धीर आला.

मग तिने मला एक मायक्रोकंट्रोलर, खटक्याचं काम करणारा एक मॉस्फेट, एक कॉइल, एक डायोड आणि २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर देऊन बक कन्व्हर्टर जोडून दिला. करंट कमी दिसला तर खटक्याची वेळ वाढव, जास्त दिसला तर घटव, इतका प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. करंटचं रीडिंग थरथरत होतं म्हणून शेकड्याने रीडिंगं घेऊन त्यांची सरासरी काढायला सांगितलं, आणि काम लवकर व्हावं म्हणून प्रत्येक दुरुस्ती भरघोस ठेवली. पुतणी गेल्यावर चालू केला. दिवा भपकन वाढला, मग मंदावत जवळजवळ विझला, पुन्हा भपकन वाढला. असा तो रात्रभर चालला असता, पण बायकोला डोकं दुखायला लागलं.

फोनवर पुतणी हसली. "काका, तुमचं फेज मार्जिन संपलंय." मला आधी वाटलं डेटा पॅक संपला म्हणतेय. मग तिने समजावलं आणि मला एकदम बायको माहेरी गेली होती तेव्हाची माझी आमटी आठवली. चाखली, अळणी लागली, मीठ घातलं. ढवळायच्या आधी पुन्हा चाखली, अजून अळणीच, म्हणून आणखी घातलं. तेवढ्यात आधीचं मीठ विरघळलं आणि आमटी खारट झाली, म्हणून पाणी ओतलं, मग पातळ झाली म्हणून परत मीठ. शेवटी पातेलंभर आमटी झाली आणि मी बाहेर मिसळ खाल्ली. चव उशिरा कळते आणि हात सढळ सुटतो, एवढं दोन्ही जमलं की कुठलीही गोष्ट हेलकावे खाऊ लागते. सरासरी काढण्यात माझी खबर उशिरा येत होती, आणि त्या शिळ्या खबरेवर मी भरघोस दुरुस्ती करत होतो. उपाय दोनच : खबर लवकर आण, नाहीतर हात आखड.

मी हात आखडला. दिवा स्थिर झाला. मला वाटलं, जिंकलो.

पण मंद करायचं राहिलंच होतं. त्याच्या दोन रीती. एक, करंटच कमी करायचा. यात अगदी मंद केल्यावर त्या बारीक रेझिस्टरवरचं व्होल्टेज इतकं थोडं उरतं की मोजमापात चुका शिरतात, आणि उजेडाचा रंगही किंचित बदलतो. दुसरी, करंट पूर्ण ठेवून दिवाच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि सरासरी काढायचं काम डोळ्यावर सोपवायचं. पुतणीने पहिली सुचवली, म्हणून मी दुसरी निवडली. सेकंदाला पाचशे वेळा. झकास मंद झाला दिवा. हॉलमध्ये मात्र एक बारीक, सतत 'ऊं' ऐकू येऊ लागलं. बायको म्हणाली फ्रिज वाजतोय. फ्रिजवाला आला, मागचं झाकण काढून तासभर कान लावून बसला, फ्रिज उत्तम आहे असं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. माझी कॉइल वाजत होती. वीस हजारांहून अधिक वेळा तुटणारा करंट कानापलीकडे असतो. पाचशे वेळा तुटणारा बरोबर कानात बसतो.

आवाज एक वेळ चालला असता. पण मधल्या काळात घरी सत्यनारायण होता आणि मुलीने तिकडे बंगळूरला पाहायला मिळावं म्हणून भाच्याने फोनवर सगळी पूजा चित्रित केली. डोळ्याने सरासरी काढली, कॅमेऱ्याने काढली नाही. व्हिडिओभर काळ्या पट्ट्या सरकत होत्या : गुरुजींवरून, चौरंगावरून, प्रसादाच्या शिऱ्यावरून, आणि सर्वात सावकाश माझ्यावरून. गुरुजींनी तो पाहून विचारलं, "शांत करून घेता का एखादी?"

शेवटी बायकोने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने माझं सर्किट पाहिलं, मग मला पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आधी मेन बंद करा आणि तुम्ही जरा आत बसा." दोन बटणं बसवून गेला. एका बटणावर दोन दिवे लागतात, दोन्ही दाबली की चार. बायको "छान" म्हणाली. 'किती' वगळलं, पण ते इलेक्ट्रिशियनला.

माझं सर्किट मी टाकून दिलेलं नाही. ते माळ्यावरच्या दिव्याला लावलंय, चालू-बंदची भानगड काढून टाकून, आणि पुन्हा हेलकावे नकोत म्हणून दुरुस्तीचा हात मी आणखी, आणखी, आणखी आखडलाय. बटण दाबलं की तो हळूहळू, अत्यंत विचारपूर्वक उजळू लागतो. मी चाचपडत वर चढतो, अंधारात ट्रंक उघडतो, गोधडी ओढून काढतो, एखादा डबा डोक्यावर पाडून घेतो आणि शिडी उतरून खाली येतो, तेव्हा माळा लख्ख उजळलेला असतो. फेज मार्जिन मात्र, पुतणी म्हणते, उत्तम आहे.