खेचतंय बघा कसं!

या माणसाच्या घरी गेल्यावर व्हॅक्यूम क्लीनर कोणत्या कंपनीचा, असं चुकूनही विचारू नये. पाऊण तास जातो. धड ऐंशीच्या दशकातल्या युरोक्लीनचं, दारोदारी टाय लावून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं. आतली मोटर दुसऱ्याच कुठल्यातरी निकालात निघालेल्या यंत्रातली. नळी भाच्याने दुबईहून आणलेल्या क्लीनरची. तो क्लीनर केव्हाच वारला, नळी मागे राहिली. पुढचा ब्रश जुन्या बाजारातला. चाकं नातवाच्या पांगुळगाड्याची. एवढं सांगून झालं की काका बटण दाबतात आणि त्या गदारोळातून ओरडतात, "खेचतंय बघा कसं!"

असे काका पुण्यात दर सोसायटीत एक तरी असतातच. बहुतेक कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. घरातल्या शर्टाच्या खिशाला टेस्टर, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार, आणि गॅलरीत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची रांग. त्या डब्यांत स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा आणि ज्याचं नाव त्यांनाही ठाऊक नाही असे तुकडे. "हे कशाला ठेवलंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "लागतं कधीतरी." बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात यांची फेरी चुकत नाही. काकूंना सांगून जातात भाजी आणायला, येतात एक मोटर घेऊन. भाजीची पिशवी मात्र वाया जात नाही, मोटर तिच्यातूनच येते.

या लोकांचं खरं दुःख ३ मिलिमीटरचं आहे. घरगुती क्लीनरच्या नळ्यांची तोंडं बहुतेक दोन मापांची, ३२ मिलिमीटर आणि ३५. एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या दांड्याला बसू नये याची व्यवस्था वरूनच झालेली असते, आणि काकांचा सगळा जन्म त्या व्यवस्थेविरुद्ध चाललेला असतो. मग बोहरी आळीत जाऊन पीव्हीसीचे रिड्यूसर, कपलर, सॉकेट एकात एक घालून बघणं सुरू होतं. दुकानदार विचारतो, "काका, पाण्याची लाइन आहे का ड्रेनेजची?" काका म्हणतात, "हवेची." दुकानदार गप्प होतो. शेवटी जमतं ते सायकलच्या ट्यूबनेच. ट्यूबचा तुकडा चढवायचा, वर इन्सुलेशन टेपचे वेढे, त्यावर एम-सील आणि अगदीच गरज पडली तर क्लॅम्प. "सध्या तात्पुरतं केलंय," असं काका सांगतात. त्या तात्पुरत्या जोडावर दोन लोकसभा निवडणुका होऊन गेल्या.

जोडाची गोष्ट वेगळी, पिशवीची त्याहून वेगळी. आत लागणारी कागदी पिशवी महाग, आणि या मॉडेलची आता मिळतही नाही. मग काकांच्या पायजम्याचा एक पाय कामी येतो. खाली गाठ, वर नाडी. नाडी आयतीच असते. मोठा कचरा त्यात राहतो. बारीक धूळ मात्र कापडातून सुटते आणि यंत्राच्या मागच्या बाजूने घरभर समान वाटली जाते. कपाटावर पूर्वी कधी धूळ बसत नव्हती, ती आता बसते. हे काकूंनी लक्षात आणून दिलं की काका इतिहासात शिरतात.

आणि इतिहास, काय सांगावं, काकांच्याच बाजूचा आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी म्हणे त्याने कापडावर तोंड लावून स्वतःच धूळ ओढून पाहिली आणि ठसक्याने बेजार झाला. त्याचं यंत्र एवढं अवाढव्य की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून आत सोडल्या जायच्या. पण काकांचं खरं दैवत अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावचं. जेम्स मरे स्पँगलर नावाचा, दम्याने हैराण झालेला एक झाडूवाला. त्याने पंख्याची मोटर, साबणाचा खोका, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून घरात फिरवता येईल असं यंत्र केलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि ते हक्क घेऊन हूव्हर कंपनी जगभर पोचली. "उशीचा अभ्रा!" काका बोट वर करून सांगतात. "मी तर पायजमा वापरलाय."

एका गोष्टीत काकांना मानलंच पाहिजे, ती म्हणजे त्यांचा कान. जिन्यातून येताना आवाज ऐकून ते सांगतात, नळी तुंबली. नळी तुंबली की मोटरचा सूर चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी जोर लावतेय. प्रत्यक्षात उलटं असतं. हवा येणंच बंद झाल्यामुळे पंख्यावरचं ओझं उतरतं आणि मोटर मोकाट फिरू लागते. (सरकारी कचेरीतही काम थांबलं की आवाज वाढतो, तसंच.) अशा यंत्रात मोटरला गारवा येणाऱ्या हवेचाच, तेव्हा ती तापतेही लवकर. मग जळकट वास, मग काका जमिनीवर बसलेले, पुढ्यात वर्तमानपत्र आणि त्यावर मोटरचे अवयव.

हे दृश्य जवळून पाहण्यासारखं असतं. कार्बन झिजलेले असतात. तपकीर गल्लीत या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून काकांनी मिक्सरचे आणले आहेत. दोन्ही मोटरी एकाच जातीच्या, एवढं त्यांना पुरतं. मिक्सरचा कार्बन जाड. काका तो चिमटीत धरून गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर घासतात. चार घासे, मग खाचेत घालून बघायचं. पुन्हा दोन घासे, पुन्हा बघायचं. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. बोटं काळी. अखेर तो तुकडा आपल्या वजनाने खाचेत सरकतो, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मुलाच्या लग्नातही आलं नव्हतं, असं काकूंचं म्हणणं. फरशीवर काळे पट्टे राहतात. ते क्लीनरने निघत नाहीत.

गेल्या वर्षी काकांना चक्रीवादळाने पछाडलं. सर जेम्स डायसन यांनी लाकडाच्या गिरणीवर धूळ वेगळी करणारा शंकू पाहिला आणि तसाच पुठ्ठ्याचा करून घरच्या क्लीनरला पिशवीच्या जागी लावला, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. झालं! रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा आला, झाकणाला दोन भोकं पडली, एका भोकात एल्बो अशा बेताने बसला की हवा डब्याच्या कडेकडेने गरगरत उतरेल, धूळ तळाला बसेल आणि मोकळी हवा मधल्या पाइपातून वर जाईल. तत्त्व अगदी बरोबर. पहिल्याच चाचणीत काकांनी नळीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि डबा दोन्ही बाजूंनी आत चेपला. "म्हणजे खेचतंय!" काका आनंदाने म्हणाले. पुढे डब्याच्या आत कूलरच्या जाळीचं कडं घातलं. कोरडी धूळ प्लॅस्टिकच्या पाइपातून पळताना स्थिर वीज साठून काकूंना झटका बसला, तेव्हा पाइपाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली. "डायसनने ५,१२७ नमुने केले," काकांनी बजावलं. "आपला हा सहावा."

"आणि तोवर त्यांच्या बायकोने चित्रकला शिकवून घर चालवलं," काकू आतून म्हणाल्या. हे त्यांनी कुठे वाचलं होतं, कोण जाणे.

एवढं सगळं कचऱ्यासाठी चाललंय असं समजू नका. काकांना कचऱ्यात रस नाही, तो त्यांना फक्त चाचणीपुरता लागतो. घरात पुरेसा नसला तर सतरंजीवर रांगोळी पसरतात, कडेला मूठभर पोहे टाकतात आणि घड्याळ लावून ओढून घेतात. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ पडते. लक्ष्मीपूजनाला मात्र काकू नवी केरसुणी पुजतात, आणि घर वर्षभर तीच झाडते. कामाला येणाऱ्या बाई दारातूनच विचारतात, "काका, तुमचं आवरलं का? मग मी केर काढते."

यंदा जर्मनीहून मुलाने आपण होऊन फिरणारा रोबो पाठवला. चपटा, गोल, निमूट कामाला लागणारा. काकांनी दोन दिवस खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहिलं. मग निदान झालं : ओढ बरी आहे, पोट लहान आहे. मागे पायजम्याची पिशवी ओढत नेता येईल का, याचं रेखाटन लाइट बिलाच्या पाठीवर तयार आहे. पण मुलाने निक्षून बजावलंय, वॉरंटी असेपर्यंत हात लावायचा नाही. काका रोज कॅलेंडर बघतात.

परवा जिन्यात काकू भेटल्या. दिवाळीला अजून अवकाश असताना पडदे धुवायला काढलेले, माळा रिकामा केलेला. म्हटलं, "काकू, यंदा एवढ्या लवकर?"

"वॉरंटी संपायच्या आत उरकून घेते," त्या म्हणाल्या.