बटण आज, फोटो सवडीने

कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट मनावर घेतलं तर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळतो. जुना डिजिटल कॅमेरा मात्र तहसीलातल्या फाइलीच्या चालीने चालतो. बफर भरतो, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि पडद्यावर उमटतं ते रिकामं माळरान. नशीब असेल तर कोपऱ्यात एक शेपूट.

पूर्वजांचा विचार करता हाही वेगच म्हणायचा. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला डिजिटल कॅमेरा एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. तेवढ्यात काळवीट पाचशे मीटर पार!

जाणकारांकडे तोडगे आहेत. रॉ बंद करून जेपेग ठेवायचं, नॉइज रिडक्शनला सुट्टी द्यायची, वेगवान कार्ड घालायचं, बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरायचा आणि फैरी झाडण्याऐवजी नेमक्या उडीला दोन-तीनच फोटो काढायचे.

वाशीमच्या लग्नमंडपात एवढी यातायात कोण करतो? कॅमेरा अडला की छायाचित्रकार हुकूम सोडतो, ‘ताई, हार परत घाला, इकडे बघून!’ नवरदेव निमूट मान वाकवतो, अक्षता दुसऱ्यांदा पडतात, आणि भटजी घड्याळ बघत तिसऱ्या खेपेची तयारी ठेवतात.