कानपारखी

सुरगाण्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसायचं असेल, तर कान झाकून बसावं. उघडा कान दिसला की गुरुजी अर्धा चहा टाकून उठलेच. माणसाचं नाव ते विसरतात, कान विसरत नाहीत. झेडपीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी कानांचाच व्यासंग केला. निवृत्तीनंतर पिळणं सुटलं, पाहणं राहिलं. असे कानपारखी गावोगाव असतात. आमचे गुरुजी वाचनही करतात, हा जादा ताप.

ते सांगतात त्यातलं निम्मं खरं निघतं, म्हणून पंचाईत. पैलवान ते लांबून ओळखतात : रगडून रगडून कातडी आणि कूर्चेमध्ये रक्त साकळतं, कूर्चेची उपासमार होते, कानाचा फ्लॉवर होतो. कानाच्या कडेवर पांढरट गाठी दिसल्या की म्हणणार, "युरिक अॅसिड तपासून घ्या." मोठे कान म्हणजे दीर्घायुष्य, असं कुणी म्हटलं की मात्र उसळतात. "उलटं आहे! वय वाढतं तसा कान वाढतो, वर्षाला 0.22 मिलिमीटर. माणूस जगला म्हणून कान लांबला!"

परवा बाजारात नागली विकायला आलेल्या एका बाप्याचा कान त्यांनी धरला. "वाकडा आहे. जन्मतःच अशी ठेवण असली तर कधीकधी मूत्रपिंडही बघावं लागतं."

"जन्माचा नाही, गुरुजी. चौथीत सतराचा पाढा अडला, तेव्हाचा."

पण त्यांचा खरा जीव पाळीवरच्या तिरक्या घडीवर. 1973 साली सँडर्स फ्रँक या अमेरिकी डॉक्टरांनी छातीत कळ येणाऱ्या 20 जणांच्या पाळीवर ती टिपली. रोमन सम्राट हेड्रियनच्या पुतळ्यांनाही ती आहे, हे गुरुजी असं सांगतात, जणू पुतळ्याच्या पाळीवरची धूळ यांनीच पुसली. नुसत्या वयानेही घडी पडते, डॉक्टरांचं त्यावर अजून एकमत नाही, हेही सांगतात. पण समोरच्याचा घसा कोरडा पडल्यावर, हळू आवाजात.

स्वतः गुरुजी चैत्रातही मफलर बांधतात. काल चहावाल्याच्या पोराने किटली पुढे केली, मफलर तिच्यात अडकला आणि सुटला. दोन्ही पाळ्यांवर घडी. स्वच्छ, तिरकी, हेड्रियनछाप.

"उशीचा वळ आहे," गुरुजी म्हणाले.

आज सकाळी ते ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत दिसले. मफलर दुपदरी.

"काय गुरुजी, बरं नाही का?"

"छे! इथे कान बघायला बरे मिळतात."