बोरिवलीत बसून जॅझ कसा समजावा

गिटारवर तीन कॉर्ड येतात, चौथा काही केल्या येईना, म्हणून जॅझकडे वळताय? अभिनंदन. चौथा कॉर्ड बहुधा एफ असणार. पहिल्या बोटाने सहाही तारा दाबायच्या आणि वर बाकीच्या बोटांची कसरत. यावर सराव हा एक उपाय आहे, पण त्याला महिने लागतात. जॅझ हा दुसरा.

खालील मार्गदर्शन बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या होतकरूंसाठी आहे. वांद्र्याच्या लोकांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल; त्यांना उपजतच समजलेला असतो.

१. आधी खरेदी. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जा. १८६५ पासूनचं दुकान आहे, तुमच्यासारखे त्यांनी पुष्कळ पाहिलेत. 'फक्त बघतोय' असं म्हणा आणि पोकळ पोटाची, दोन एफ-छिद्रांची गिटार मांडीवर घ्या. संध्याकाळच्या गर्दीत ती घेऊन लोकलमध्ये चढू नका. चढलातच तर कोणीतरी 'भाऊ, ती बॅग वर टाका' म्हणेल. रॅकवर ती मावत नाही. हे बोरिवलीपर्यंत दर स्टेशनला नव्याने समजावून सांगा.

२. पुस्तक मिळवा. 'रिअल बुक' नावाचं. सत्तरच्या दशकात बोस्टनच्या बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी ते कोणाच्याही परवानगीशिवाय छापलं आणि जगभरच्या वादकांनी ते टेबलाखालून विकत घेतलं. अधिकृत आवृत्ती २००४ साली निघाली, त्यामुळे बिचाऱ्याची मजा गेली. त्यात कॉर्डची नावं डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी लिहिलेली असतात: त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, आडवी रेघ म्हणजे मायनर, गोल म्हणजे डिमिनिश्ड, काट मारलेला गोल म्हणजे अर्धा डिमिनिश्ड. ही चिन्हं पाठ करा. वाजवता आली नाहीत तरी पेन्सिलीने समासात काढता आली पाहिजेत. पानांवर चहाच्या कपाचे एक-दोन डाग पाडा.

३. आता प्रत्यक्ष वादन. इथे तुमची निराशा होणार आहे, तेव्हा पाणी पिऊन घ्या.

जॅझमधली निम्मी गाणी एका वळणावर चालतात. पेटीच्या भाषेत, पांढरी एकचा सा धरा आणि रे, मग प, मग सा असे कॉर्ड घ्या. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा. झाला डी मायनर सेव्हन. चौथी तार तशीच ठेवा, तिसरीवर एक फ्रेट मागे या, आणि खालचा सूर पाचवीऐवजी सहावीच्या तिसऱ्या फ्रेटवर घ्या. जी सेव्हन. आता तिसरी तशीच, चौथीवर एक फ्रेट मागे, खाली पाचवीचा तिसरा फ्रेट. सी मेजर सेव्हन. उरलेल्या तारा गप्प. प्रत्येक कॉर्डातला पंचम सोडलाय (आर. डी. नव्हे) आणि कोणाला चुकल्यासारखं वाटलेलं नाही. दर वेळी वरच्या दोन सुरांतला एक जागेवर बसतो, दुसरा अर्धा सूर खाली घसरतो. बस्स.

एवढंच? हो, एवढंच. एवढे पैसे मोजून तीनच तारा वाजवायच्या, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. फ्रेडी ग्रीन नावाच्या गृहस्थांनी काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून १९८७ साली जाईपर्यंत पन्नास वर्षं जवळपास हेच केलं, मात्रेमागून मात्रा, कधी कधी तर एखाददुसऱ्या तारेवर. त्यांचं नाव चारचौघांत काढू नका. कोणी व्हिडिओ शोधून पाहिला तर तुमचं बिंग फुटेल.

४. जी सेव्हन वाजवताना वरच्या दोन तारा तशाच ठेवून खालचा सूर पाचवीच्या चौथ्या फ्रेटवर न्या. 'प'च्या जागी कोमल रे आला, कॉर्ड डी फ्लॅट सेव्हन झाला. एका बोटाच्या या हालचालीला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. बोटाला पाच मिनिटं पुरतात. उच्चाराला आठवडा द्या.

५. पुढची पायरी म्हणजे खालचा सूरही सोडणे, कारण तो बेसवाला वाजवतो. तुमचा बेसवाला मालाडला राहतो आणि रविवारी नक्की येतो म्हणाला होता. तोवर त्याचा सूर मनात ऐका.

६. इतिहास सांगा, पण सगळा नको. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, इथपर्यंत ठीक. न्यूयॉर्क, ताज, धूर, ट्रम्पेट. ऐकणारा गप्प होतो. पुढचं गिळा. म्हणजे गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली. अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या साथीला आणली आणि १९५१च्या 'अलबेला'त ते बँडसकट पडद्यावरही दिसले. सबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची मांडणी केली. हे सांगितलंत की सोसायटीतले काका म्हणणार, 'म्हणजे आमच्या रेडिओवर लागायचं तेच ना?' तेच. आणि काकांना ते तोंडपाठ आहे, हे तुमच्या साधनेला मारक आहे.

७. कोजागिरीला गच्चीवर आग्रह होईल. मसाला दूध येईपर्यंत टाळा, मग डोळे मिटून तिसऱ्या पायरीतले तीन कॉर्ड वाजवा आणि शेवटच्यावर थांबा. त्यात सा आणि शुद्ध नी एकत्र वाजत असतात, तेव्हा पेटी शिकलेले काका अस्वस्थ होतील. 'अरे, नीवर काय अडकलास? सावर ये की!' वाद घालू नका. मान डोलवा, एखादी खुंटी पिळल्यासारखं करा, आणि तोच कॉर्ड, त्याच जागी, जरा हळू वाजवा. काका म्हणतील, 'आता कसं!'