मोज्यांच्या बदल्यात शंभर मैल

सह्याद्रीतल्या आमच्या डोंगर-शर्यतीच्या कमिटीत प्रत्येकाकडे एकेक खातं आहे. पोह्यांच्या काकू आहेत, रिबिनीवाले दादा आहेत, वनखात्याच्या परवानग्यांचे अण्णा आहेत. माझ्याकडे तक्रारी आहेत. शर्यत संपली की धावणारे घरी जातात, पाय गरम पाण्यात सोडतात आणि मला मेसेज लिहायला बसतात. वळणावर रिबिनी दिसल्या नाहीत. (शेळ्यांनी खाल्ल्या.) पाचची शर्यत साडेपाचला सुटली. (झेंडा दाखवणारे पाहुणे अंघोळीला गेले होते.) एका थांब्यावर उकडलेले बटाटे होते पण मीठ नव्हतं, आणि पुढच्या थांब्यावर नुसतंच मीठ होतं. पण सगळ्यात लांब पत्रव्यवहार होतो तो टी-शर्टच्या साइजवर. साठ किलोमीटर चढउतार करूनही माणसाच्या अंगात भांडायची ताकद उरते, हे मला या खात्याने शिकवलं.

अशातच मला गॅरी कँट्रेल ऊर्फ लॅझरस लेक ऊर्फ नुसतेच लॅझ या दाढीवाल्या अमेरिकन गृहस्थांची माहिती मिळाली आणि मी पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचा विषय काढला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात फ्रोझन हेड नावाचं जंगल आहे. तिथे १९८६ पासून ते 'बार्कली मॅरेथॉन्स' भरवत आले. बार्कली हे त्यांच्या एका मित्राचं आडनाव. शेजारीच ब्रशी माउंटन नावाचा तुरुंग होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे १९७७ मध्ये तिथून पळाला आणि दोन दिवसांहून जास्त काळ त्या डोंगरात भटकून पकडला गेला, तेव्हा तो जेमतेम आठ मैलांवर पोचला होता. एवढ्या वेळात आपण शंभर मैल गेलो असतो, असं कँट्रेल यांना वाटलं. असं आपल्यालाही पुष्कळदा वाटतं, पण आपण चहा पिऊन विसरतो. यांनी शर्यत काढली.

"उद्देश काय लिहिला परवानगीच्या अर्जात?" अण्णांनी विचारलं. आमच्या अर्जात 'आरोग्यविषयक जनजागृती' असतं. 'पळालेल्या कैद्याची खोड मोडणे' यावर सही करणारा अधिकारी अण्णांना डोळ्यांसमोर येईना.

शर्यत अशी: वीस मैलांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या, मुदत साठ तास. वीस मैल हा आयोजकांचा आकडा. धावणारे म्हणतात, फेरी सव्वीसच्या आसपास भरते. पाच फेऱ्यांत मिळून चढ एव्हरेस्टच्या उंचीच्या दुप्पट. वाटेवर खुणा नाहीत. तळावर एक नकाशा असतो, तो पाहून आपापल्या नकाशावर उतरवून घ्यायचा. जीपीएस चालत नाही. रिबिनीवाले दादा खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे रिबिनी लावायच्याच नाहीत?" इतकी वर्षं ज्याला आम्ही दादांची चूक म्हणत होतो, ती कुणाच्या तरी नियमावलीत पहिल्या पानावर आहे, हे समजल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

खुणांऐवजी जंगलात पुस्तकं लपवलेली असतात, दरवर्षी साधारण नऊ ते चौदा. प्रत्येक पुस्तकातून आपल्या छातीवरच्या बिबच्या आकड्याचं पान फाडून आणायचं. फेरी संपली की तळावरच्या पिवळ्या फाटकापाशी बसून लॅझ ती पानं मोजून घेतात. एक पान कमी पडलं तरी फेरी बाद. टायमिंग चिपच्या कंपनीचं बिल दरवर्षी छातीशी धरून बसणारे आमचे खजिनदार इथे प्रथमच पुढे झुकले. रद्दीच्या दुकानात पुस्तकं किलोवर मिळतात, एवढंच ते बोलले.

प्रवेश फी ऐकून मात्र ते मागे टेकले. एक डॉलर साठ सेंट! तेवढ्यात आमच्या बॅनरची दोरी येते. त्याखेरीज 'मला या शर्यतीत का घ्यावं' यावर निबंध लिहावा लागतो. अर्ज कुठे, कधी करायचा, हे कुणी सांगत नाही. शोधून काढायचं. सुमारे चाळीस जणांची निवड होते आणि निवड झाल्याचं जे पत्र येतं, त्यात अभिनंदन नसतं, सांत्वन असतं. ज्याच्याकडून एक फेरीही पुरी होणार नाही असं लॅझना वाटतं, त्याला एक नंबरचा बिब आणि 'नरबळी' ही पदवी. आमच्याकडे एक नंबरचा बिब प्रायोजकांच्या भाच्याला जातो आणि तोही पहिल्याच थांब्यावर जीपमध्ये बसतो. म्हणजे प्रथा तीच, आम्ही तिचा उच्चार करत नाही इतकंच.

सुरुवातीची वेळही जाहीर नसते. मध्यरात्र ते दुपार यांमध्ये कधीतरी लॅझ शंख फुंकतात. शंख वाजला की तासाभराने शर्यत. तासाभराने ते सिगारेट पेटवतात, तीच निशाणी. ना झेंडा, ना सत्कार, ना शाल-श्रीफळ. "पाहुणेच नाहीत?" काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पाहुण्यांसाठी वेगळी काजू घातलेली पोह्यांची परात त्यांनाच करावी लागते. जो माघार घेतो, त्याच्यासाठी तळावर बिगुल वाजतो. लष्करी अंत्यविधीला वाजवतात ती धून.

एवढा छळ झाल्यावर माणसं पुन्हा कशाला येतील? पण येतात, रांग लावून येतात. सगळं अंतर पुरं करणारा पहिला माणूस १९९५ मध्ये निघाला. २०२४ पर्यंत अशी माणसं झाली अवघी वीस. त्या वर्षी जॅस्मिन पॅरिस ही ब्रिटिश धावपटू फाटकाला हात लावून जमिनीवर कोसळली, तेव्हा मुदत संपायला ९९ सेकंद उरले होते. हे अंतर पुरं करणारी ती पहिली स्त्री. २०१७ मध्ये कॅनडाचा एक धावपटू मुदतीनंतर सहा सेकंदांनी पोचला, तोही वाट चुकून भलत्या दिशेने. नियमाने बाद. आमच्याकडे हे घडलं असतं तर त्याच्या मेव्हण्याचा फोन आला असता, मीटिंग बसली असती आणि त्याला 'विशेष उत्तेजनार्थ' पदक गेलं असतं. पुढच्या वर्षी सात सेकंदवाल्याने तेच मागितलं असतं.

लॅझ यांची युक्ती माझ्या ध्यानात आली ती इथे. आम्ही माहितीपत्रकात निसर्गरम्य मार्ग, चोख व्यवस्था, दर अमुक किलोमीटरला थंडगार पाणी असं बरंच काही कबूल करतो. मग माझं वर्ष त्या प्रत्येक कबुलीची भरपाई करण्यात जातं. लॅझ त्रासाखेरीज काही कबूल करत नाहीत, आणि तो ठरल्याप्रमाणे, पुरेपूर, सर्वांना सारखा देतात. वर, रात्री-अपरात्री कुणी जंगलातून बाहेर पडला की त्याची पानं मोजायला फाटकाशी स्वतः हजर. तक्रार करायची तर कशाची? ठरवलं होतं तसंच झालं, याची?

माझं भाषण संपलं तेव्हा मीटिंगमध्ये शांतता होती. मग ठराव सुरू झाले. शंख नामंजूर, कारण आवाजाची परवानगी अण्णांनाच आणावी लागेल. निबंध नामंजूर, कारण ते वाचायचं काम माझ्याकडे येईल असं मी सुचवलं नव्हतं तरी सगळ्यांनी गृहीत धरलं. सिगारेट काकूंनी नुसत्या नजरेने नामंजूर केली.

राहिला एकच नियम. बार्कलीला पहिल्यांदा येणाऱ्याने आपल्या गावाकडच्या गाडीची नंबरप्लेट आणायची आणि जुन्या भिडूने त्या वर्षी लॅझना ज्याची गरज असेल ते. कधी मोजे, कधी पांढरा शर्ट. म्हणजे कपडे आयोजकाने वाटायचे नाहीत, धावणाऱ्यांनी आयोजकाला द्यायचे! टाळ्या पडल्या. टी-शर्टची भानगड मुळापासून मिटली, अशी इतिवृत्तात नोंद करायला मी पेन उघडलं.

"लिहा," खजिनदार म्हणाले, "प्रत्येकाने एक शर्ट आणावा. साइज चाळीस."

"चाळीस का?" दादा म्हणाले. "मला बेचाळीस लागतो."